मुकादमांचं कुंपण

डोंगर हिरवागार आणि दारातली म्हैस उपाशी, असं ते विचित्र वर्ष होतं.

खालून बघणाऱ्याला वाटावं, काय देवाची कृपा, उतार कसा भरून आलाय! पण ते हिरवं म्हणजे गवत नव्हतं, घाणेरी होती. गुलाबी-पिवळ्या फुलांचे इवले गुच्छ, काळ्या मण्यांसारखी फळं, आणि पान चुरडलं की थेट टाळूपर्यंत जाणारा वास. ज्याने कुणी तिचं नाव ठेवलं त्याला फार विचार करावा लागला नसणार. कधीकाळी कुणी तरी फूल साजरं दिसतं म्हणून तिला बागेत लावलं, पाखरांनी फळं खाल्ली, आणि पाखरं काही एका बागेत बसून राहत नाहीत. आता त्या झुडपांखाली गवताची काडी उगवत नव्हती. जनावराने चुकून पाला खाल्ला तर उन्हात अंगाची सालपटं निघायची. म्हणून म्हैस गोठ्यात उभी राहून डोंगराकडे बघत रेकायची, आणि सून रिकामी गव्हाण झाडून काढायची. झाडण्यासारखं त्यात काही नसायचंच.

घरात माणसं चार. सून, तिचा शिंपी नवरा, जो पुढच्या खोलीत मशीनवर वाकलेला असे, सासू, जिच्या ओठांवर दिवसभर देवाचं नाव असे, आणि सासरे. सासऱ्यांना सगळे मुकादम म्हणत. रस्त्याच्या कामावरची मुकादमी सुटून जमाना लोटला होता, पण आवाज काही सुटला नव्हता. आयुष्यभर तपकीर ओढून त्यांचं नाक पार निकामी झालं होतं. आणि त्यांचा एक नेम होता: कामावरून घरी यायचं ते रिकाम्या हाताने नाही. जळण, दगड, वाकडा खिळा, काही तरी हातात हवंच. घराचं परसू या नेमाने गच्च भरलं होतं.

एके सकाळी वनरक्षक बाई मोटरसायकलवरून आल्या आणि उंबऱ्याशीच उभ्या राहून म्हणाल्या, "ओढ्यापासून वरच्या खडकापर्यंतचा पट्टा जे घर साफ करेल, त्या घराला पुढे तिथलं गवत कापता येईल. फळं पिकायच्या आत काढायचं. पावसाळा सरला की मी बघायला येईन. पट्ट्यात घाणेरीचं एक जरी झाड जिवंत दिसलं तरी पट्टा दुसऱ्याला."

दुसरा तिथेच उभा होता. शेजारचा शेळीवाला, दात कोरत. "बाई, मला द्या की. काडी लावतो, एका दिवसात डोंगर मोकळा."

"जाळली की दुपटीने फुटते ती," बाई म्हणाल्या. "आधी हे घर. यांना नाही जमलं, तर तुम्ही. पण काडी न लावता."

"मग थांबतो," शेळीवाला हसत म्हणाला. "मला कुठे घाई आहे? मुकादम, तब्येतीला जपा बरं का!"

सुनेने गव्हाणीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. मुकादम पहार शोधायला केव्हाच परसात गेले होते.

पहिल्या दिवशी बाईंनी काम शिकवलं. झुडपाच्या फांद्या छाटून काही होत नाही. खोड जिथे मातीत शिरतं तिथे एक गाठ असते, तिच्याखाली पहार घालून मूळ तोडायचं आणि गाठीसकट झुडूप उपटायचं. मग ते तिथेच दुसऱ्या झुडपावर किंवा खडकावर उलटं टाकायचं. मुळं आभाळाकडे, फांद्या खाली.

"मातीला टेकू द्यायचं नाही. आणि खाली न्यायचं नाही. काढलेलं जागच्या जागी वाळू दे," बाई म्हणाल्या. "आता ओळखायचं कसं ते सांगते. इथली आपली साधी झुडपंही यातच आहेत, ती ठेवायची. पान खरखरीत बघा, चुरडून वास बघा."

"वासाचं आमच्याकडे बंद आहे," मुकादमांनी नाकावर बोट ठेवलं.

"मग हात लावून बघा. हिची कोवळी काठी गोल नसते. चौकोनी असते, चार कंगोरे लागतात बोटांना."

मुकादमांनी डोळे मिटून एक काठी चिमटीत फिरवली. त्यांचा चेहरा खुलला. "लागले! चारही लागले!" त्या दिवसापासून ते बोटांनीच घाणेरी ओळखू लागले, आणि खरं सांगायचं तर घरात सगळ्यांत आधी तेच ओळखत. गच्च जाळीत हात घालून ओरडत, "ही आपली, राहू द्या! ही तिची, घाला पहार!"

काम सोपं नव्हतं. खोडावरचे बारीक काटे दिसत नाहीत, संध्याकाळी हात पाण्यात बुडवला की कळतात. शिंप्याने जुन्या जीन्सच्या पँटी उसवून सगळ्यांना हातमोजे शिवून दिले. सासूच्या हातमोज्याला चुकून खिसाही राहिला, त्यात ती सुपारी ठेवू लागली. सून पहार मारायची, मुकादम खोड वाकवायचे, सासू उपटायची. दर उपटीला ती देवाचं नाव घ्यायची. झुडूप सहज आलं तर हळू, अडलं तर मोठ्याने. खडकाजवळ एक जुनं खोड होतं, मांडीएवढं. त्या दिवशी देवाचं नाव इतक्या जोरात घेतलं गेलं, की खालून शेळीवाला विचारायला आला, काय झालं म्हणून.

"काही नाही, भाऊजी," सून धापा टाकत म्हणाली. "आत्याबाईंची पूजा चाललीये."

"अहो, अशी पूजा ऐकून देव डोंगर उतरून जाईल!"

"जाऊ दे," सासू घाम पुसत म्हणाली. "जाताना हे खोड घेऊन जाईल तर बरंच."

वासाचा त्रास मात्र सुनेला झाला. तो अंगात मुरला. नळावर गेली की बायका हंडे थोडे सरकवून घेत. वाण्याने एकदा तिला बसायला बाक दिला तो दाराबाहेर. एक गिऱ्हाईक तर नवा शर्ट परत घेऊन आलं. शिंप्याला म्हणालं, "माप बरोबर आहे हो, पण हा घातला की कुत्रं मागे लागतं."

त्या रात्री शिंपी अंथरुणावर कड बदलत म्हणाला, "तू जरा भिंतीकडे तोंड कर ना."

"वास तोंडाला नाही, अंगाला आहे," ती म्हणाली.

"मग भिंतीलाच तिकडे पाठव." दोघंही तोंड दाबून हसले. पण सकाळी नळावरून परतताना तिचा चेहरा उतरलेला असे, हे सासूच्या ध्यानात येई. न्हाणीत गरम पाणी आणि शिकेकाईची वाटी तिने आधीच ठेवलेली असे.

उतार हळूहळू मोकळा होत गेला. उलटी झुडपं ठिकठिकाणी वाळत पडली, मुळं वर करून, जसं काही कुणी रागावून पाय झाडतंय. मोकळ्या मातीत हिरवी तुसं दिसू लागली तेव्हा सून गुडघे टेकून खाली वाकली. गवत होतं. तिने हातमोजा काढून त्यावर तळवा फिरवला.

आता नेमाचं सांगायला हवं. मुकादम डोंगर उतरताना रिकाम्या हाताने कसे येणार? डोंगरावर दुसरं होतं काय? पहिल्या दिवशी त्यांनी मनगटाएवढ्या जाड, सरळ, पाला ओरबाडलेल्या काठ्यांची मोळी बांधली.

"मामंजी," सून चाचरत म्हणाली, "बाई म्हणाल्या होत्या, खाली नेऊ नका."

"हिरवं नेऊ नका म्हणाल्या. हे हिरवं आहे? पाला नाही, फूल नाही, मूळ नाही. लाकूड आहे हे. आणि बघ, हात लाव. गोल! तिची काठी चौकोनी असते."

तिने मोळी उचलायला हात दिला. पुढचं खरं सांगायचं तर, तिला ते पाहिजेही होतं. परसात तिने घेवडा लावला होता, आणि शेळीवाल्याच्या शेळ्या त्याचे कोंब रोज खुडून नेत. सासऱ्यांनी रोज एक मोळी आणून घेवड्याभोवती काठ्या ठोकल्या, सुंभाने बांधल्या, असं नेटकं कुंपण घातलं की बघत राहावं. शेळ्या बाहेर उभ्या राहून नुसत्या बघू लागल्या. घेवडा काठ्यांवर चढला. सून रोज संध्याकाळी त्याला पाणी घालायची. घेवडा माजला, पानांनी कुंपण पार झाकून गेलं, आणि मुकादम येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. "सगळं डोंगरावरचं लाकूड बरं का! विकत काही नाही."

पावसाळा आला आणि गेला. पट्ट्यावर गवत गुडघ्यापर्यंत आलं. कुठे चुकून फूट निघाली तर मुकादम फेरी मारून बोटांनी शोधायचे. शेवटी कित्येक दिवस उतारावर घाणेरीचं पानही सापडेना. वनरक्षक बाईंचा निरोप आला: उद्या सकाळी येते.

त्या संध्याकाळी सून घेवड्याच्या शेंगा तोडून आत आली. शिंप्याने मशीन थांबवलं.

"अजून येतो गं वास तुझ्या हाताला."

"कसा येईल? कित्येक दिवसांत हात नाही लावला तिला."

तिने हात धुतले. मातीने, मग साबणाने. नाकाशी नेले. येत होता. तिला वाटलं, आता हा जन्मभराचा. मग ती थबकली, टोपलीतली एक शेंग उचलून हुंगली, आणि तशीच परसात पळाली.

तिने घेवड्याची पानं बाजूला केली. आत, पानांच्या सावलीत, काठ्यांच्या डोळ्याडोळ्यातून खरखरीत पालवी फुटली होती. एका टोकाला इवला गुच्छ: बाहेर गुलाबी, मधे पिवळा. ती तशीच मातीत बसली. डोंगरभर एक झाड नाही, आणि घराला विळखा. घर ओढ्याच्या वरच्या अंगालाच, म्हणजे पट्ट्यातच होतं.

सासऱ्यांना सांगायचं कसं? ती काही त्यांना सांगणारी नव्हे. पण म्हैस रेकली, आणि ती उठली.

"मामंजी, जरा येता का परसात?"

ते तपकिरीची डबी हातात घेऊनच आले. "काय, शेळी घुसली?"

"नाही. कुंपणाला फूट आलीये."

"घेवड्याची असेल."

"घेवड्याची नाही."

त्यांनी खाली वाकून काठी चिमटीत धरली. फिरवली. "गोल आहे की! तुला भास होतोय."

सुनेने आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांचा हात धरला. हळूच तो वर सरकवला, जुन्या काठीवरून नव्या कोवळ्या फुटीपर्यंत. "इथे बघा."

त्यांची बोटं थांबली. एक कंगोरा, दुसरा. पुढचे दोन त्यांनी मोजलेच नाहीत. दुसऱ्या काठीशी गेले, तिसऱ्या काठीशी गेले, सगळं कुंपण हाताने चाचपून आले. येताना खांदे उतरले होते.

"जून झाली की गोल होते," ते स्वतःशीच म्हणाले. "कोवळी चौकोनी, जून गोल. माणसाचंही तसंच. वाटतं, कंगोरे गेले."

सासू दारात उभी होती. तिने आतून हातमोजे आणून प्रत्येकाच्या हातात दिले. शिंपीही मशीन सोडून आला. उजेड होता तोवर चौघांनी घेवडा उलगडून खाली निजवला आणि काठ्या उपटल्या. प्रत्येकीला खाली पांढऱ्या मुळांची दाढी आली होती. मुकादमांनी स्वतः एकेक काठी मागच्या दगडी गडग्यावर उलटी मांडली, मुळं आभाळाकडे. शिंपी म्हणाला, "अंधार पडला की गोठ्यामागे टाकू. बाईंना दिसणार नाहीत."

"जिथल्या तिथे वाळायच्या," मुकादम म्हणाले. "बाईंनी शिकवलंय तसं." त्या रात्री त्यांनी तपकीर ओढली नाही.

सकाळी बाई आल्या. मागोमाग शेळीवाला, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. पट्टा आपल्याला मिळणार अशा थाटात. सगळे वर गेले. बाईंनी गवत दुभंगून बघितलं, पाखरं बसतात त्या झाडांखाली वाकून बघितलं, खडकाच्या फटीत बोट घातलं. बाई म्हणाल्या, "छान. मला वाटलं नव्हतं." शेळीवाल्याचा सदरा जरा चुरगळल्यासारखा दिसू लागला.

उतरताना सगळे परसातून आले. बाई गडग्यापाशी थांबल्या. काठ्यांची रांग उन्हात पडली होती, दाढ्या वर.

"हे कुठलं?"

शेळीवाल्याने मान पुढे काढली. काल इथे कुंपण होतं, ते बाईंनी पाहिलं नव्हतं. शिंपी सहज म्हणू शकला असता, आपसूक उगवलं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण मुकादमांचा जुना, रस्त्यावरच्या गँगला ऐकू जाणारा आवाज लागला:

"माझं आहे. इथे कुंपण होतं, मी घातलेलं. तुम्ही खाली नेऊ नका म्हणालात, मी नेलं. जिवंत झालं. काल संध्याकाळी उपटलं."

"आणि पाणी मी घातलं," सून म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. तो चांगला खणखणीत फुटला. "रोज घातलं."

"म्हणजे यांनी लावलं आणि तुम्ही वाढवलं?"

"हो."

"बघा बाई!" शेळीवाला पुढे झाला. "तुम्हीच म्हणाला होतात, एक जरी झाड..."

त्याचं बोलणं तिथेच राहिलं. कुंपण नसलेल्या परसात त्याची लाडकी शेळी शिरली होती आणि निजवलेल्या घेवड्यावर उभी राहून शांतपणे शेंगा खात होती. तिच्या तोंडातून एक लांब वेल लोंबत होता. दुसरी मागून आली. तिसरीने सासूच्या हातमोज्याच्या खिशातली सुपारी शोधून काढली. सासूने देवाचं नाव घेतलं, अगदी त्या खडकाजवळच्या खोडाच्या वेळी घेतलं होतं तेवढ्या जोरात, आणि शेळ्या चौफेर पळाल्या. मागे शेळीवाला, सदऱ्यासकट.

बाई आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग हात काढून हसल्या.

हसू ओसरल्यावर त्यांनी गडग्यावरची एक काठी उचलली, मुळं बोटाने मोडून बघितली.

"मी जिवंत झाड म्हणाले होते. हे आता मरायला टाकलंय, ते पण बरोबर उलटं," त्या म्हणाल्या. "पण मातीत तुटलेली मुळं राहिली असतील. पुढच्या पावसाळ्यापर्यंत या परसाची फेरी रोज मारायची. बोटांनी. डोंगराच्या आधी हे."

"मी मारतो," मुकादम म्हणाले. "रोज."

"मग गवत तुमचं. आजच कापलं तरी चालेल."

सून तडक विळा आणायला वळली. तो कुठे असतो ते तिला चांगलं माहीत होतं, तरी ती दोनदा चुकीच्या खोलीत गेली.

दुपारी ती आणि सासरे दोघंच वर गेले. तिने विळ्याने गवत कापलं, मूठ मूठ, पात्याचा सर्र सर्र आवाज ऐकत. मुकादम बांधावर बसून राहिले. उतरायची वेळ झाली तेव्हा ते उठले आणि हात कसेतरीच लोंबकळत ठेवून उभे राहिले. त्या हातांना काय करायचं ते कळत नव्हतं. नेम मोडला होता, आणि नवा कुठला घ्यावा ते ठरत नव्हतं.

सुनेने मोठा भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला. आणि धाकटी पेंढी बांधून त्यांच्या पुढ्यात धरली.

"धरा, मामंजी. रिकाम्या हाताने येणार का घरी?"

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, एखादं लेकरू घ्यावं तशी. थोडं चालून झाल्यावर त्यांनी पेंढी नाकाशी नेली, सवयीने, आणि खाली केली.

"कसा येतो गं वास याला?"

वास सांगायचा तरी कसा? "ओला येतो," ती म्हणाली. "गोडसर. दुधाच्या चरवीला येतो ना सकाळी, तसा थोडा."

"आणि घाणेरीचा? नीट बघ. पूर्ण पेंढी बघ."

तिने भारा डोक्यावर सावरत, वाटेतच थांबून, त्यांच्या हातातल्या पेंढीत नाक खुपसलं. खाली गोठ्यात म्हशीला कसं कोण जाणे कळलं होतं. ती रेकायची थांबून दाराकडे मान वळवून उभी होती.

"नाही, मामंजी," सून म्हणाली. "अजिबात नाही."

तरीही मुकादमांनी दाराशी पोहोचेपर्यंत पेंढीतली काडी न् काडी बोटांत फिरवून बघितली. सगळ्या गोल होत्या. मगच त्यांनी ती गव्हाणीत टाकली.